बाळ दूध टाकतंय, औषध सुरू केलंय, आता पुढचे चार आठवडे कसे काढायचे

आमच्या मुलीला ओमेप्राझोल सुरू करून पाच दिवस झाले होते आणि त्या दुपारी तिने माझ्या खांद्यावर, पाठीवर, जमिनीवर सगळीकडे दूध टाकलं, मी तशीच ओल्या कपड्यात बसून डॉक्टरांना फोन लावला की औषध लागू पडत नाहीये, दुसरं द्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "दूध टाकणं थांबावं म्हणून दिलंय असं वाटतंय का तुम्हाला?" मी म्हटलं हो, मग कशासाठी? त्यावर त्यांनी जे समजावलं ते पहिल्याच दिवशी कळलं असतं तर पाच दिवस मी प्रत्येक भिजलेलं दुपटं बघून रडले नसते. म्हणून हे सगळं लिहितेय, सध्या जे यातून जातायत त्यांच्यासाठी.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. बाळांमध्ये ते दिवसातून कितीतरी वेळा क्षणभर सैल पडतं, त्यात पोट एवढंसं, पोटात जातं ते सगळं पातळ, आणि बाळ दिवसाचा बराच वेळ आडवं, त्यामुळे दूध वर येणारच, यालाच रिफ्लक्स म्हणतात. ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल, फॅमोटिडिन ही औषधं त्या कड्याला हातही लावत नाहीत, ती फक्त जठरात तयार होणारं ॲसिड कमी करतात. म्हणजे दूध यायचं तेवढंच येणार, फक्त येताना जळजळ कमी होईल. दुपटी तेवढीच भिजणार.

त्यामुळे औषध काम करतंय का हे दुपट्यांवरून ठरवायचंच नाही.

मग कशावरून ठरवायचं? तर पहिला डोस द्यायच्या आधी, बाळाला नेमका त्रास कशाचा होतोय अशा दोन-तीन गोष्टी कागदावर लिहा. आमच्या तीन होत्या: पिताना मध्येच तोंड सोडून पाठ धनुष्यासारखी मागे ताणणं, भूक लागलेली असून बाटली ढकलणं, आणि पिऊन झाल्यावर अर्धा-पाऊण तास कळवळून रडणं. रोज रात्री आम्ही दोघं मिळून प्रत्येक गोष्टीला १ ते ५ आकडा द्यायचो, १ म्हणजे नावापुरतं आणि ५ म्हणजे अगदी हाल. औषध सुरू व्हायच्या आधीचे निदान तीन दिवस लिहून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? झोप नसलेल्या माणसाला परवाचा दिवस आठवत नाही, आठवतो तो फक्त सगळ्यात वाईट तास.

आणि एक प्रश्न आधीच विचारून घ्या, बाळाला औषध हवंच आहे का. जे बाळ दूध टाकतं पण वजन नीट वाढतंय, पिऊन झाल्यावर हसतंय, झोपतंय, त्याला आजार नाहीये, त्याला फक्त जास्तीची दुपटी लागतात. तीन महिन्यांच्या आतली साधारण निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात, चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं, मग बाळ बसायला लागलं, घट्ट खायला लागलं की उतरत जातं आणि वर्षाचं होईपर्यंत बहुतेकांचं थांबतं. हा क्रम लक्षात ठेवा कारण तो फार फसवतो. दोन महिन्यांच्या बाळाला औषध सुरू केलं तर पुढे चौथ्या महिन्यात दूध टाकणं आपसूक वाढणार आणि तुम्हाला वाटेल औषध फसलं. पाचव्या महिन्यात सुरू केलं तर सहाव्या-सातव्यात आपसूक कमी होणार आणि श्रेय औषधाला जाणार. रडण्याचंही तसंच, साधारण सहाव्या आठवड्यात ते सगळ्यात जास्त असतं आणि नंतर बहुतेक बाळांचं कमी होतं, औषध असो नसो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रिफ्लक्सची लक्षणं असलेल्या १६२ बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल आणि निम्म्यांना नुसतं बिनऔषधी द्रावण चार आठवडे दिलं होतं, तर दोन्ही गटांत ५४ टक्के बाळांना आराम पडला. अगदी सारखे आकडे. आणि छातीच्या संसर्गासारखे गंभीर त्रास औषधाच्या गटात जास्त दिसले. हे मी औषधाला नावं ठेवायला सांगत नाहीये, आम्हीही दिलंच, अन्ननलिकेला खरंच सूज किंवा जखम असेल तर त्या बाळाला ते लागतंच. पण काही दिवस "देऊन बघूया" म्हणून सुरू केलेलं औषध सहा महिने तसंच चालू राहतं आणि कोणाला आठवतही नाही का सुरू केलं होतं, ते टाळायचंय.

आधी हे बघा, हे रिफ्लक्स नाही

हा भाग घाईत असलात तरी वाचाच. उलटी हिरवी असेल तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल, कारण आतडं अडकलेलं असू शकतं आणि तिथे तासांचा हिशोब असतो. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही, शीमध्ये रक्त, पोट फुगून टणक झालेलं, ताप, डोक्यावरची टाळू फुगलेली, बाळ मलूल पडलंय आणि उठवून उठत नाही, श्वास अडकतोय किंवा ओठ निळे पडतायत, या सगळ्यासाठीही तेच, वाट बघायची नाही. दोन आठवडे ते दोन महिने या वयात दर वेळी पिऊन झाल्यावर दूध जोरात लांब उडतंय आणि लगेच बाळ परत भुकेलं होतंय, तर जठराचं पुढचं तोंड जाड झालेलं असू शकतं, त्याला ऑपरेशन लागतं आणि ते वेळेत केलं की बाळ ठणठणीत होतं. दिवसभरात सूचे डायपर एकदम कमी झाले, रडताना तोंड कोरडं दिसतंय, तर पाणी कमी पडतंय, त्याच दिवशी दाखवा. वजन वाढत नसेल तर नुसतं ॲसिडचं औषध घेऊन घरी यायचं नाही, का वाढत नाही हे विचारायचं. पहिल्या तीन महिन्यांत बाळ साधारण रोज २० ते ३० ग्रॅम वाढतं, म्हणून आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, कपडे काढून वजन करा, रोज करू नका, रोजच्या आकड्याने नुसता जीव वरखाली होतो.

किती दूध टाकलं याचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. एक चहाचा चमचा म्हणजे ५ एमएल, असे दोन चमचे पाणी कोरड्या दुपट्यावर ओता आणि किती पसरतं ते बघा. मी केलं तेव्हा थक्क झाले, "पिलं ते सगळं काढलं" असं मी ज्याला म्हणत होते तो डाग त्या दोन चमच्यांपेक्षा फार मोठा नव्हता.

दूध पाजण्यातले बदल, औषधाच्या आधी

मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या उत्तर अमेरिकन आणि युरोपियन संघटनांनी २०१८ मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांतही क्रम हाच आहे, आधी पाजण्यात बदल, मग दोन ते चार आठवडे गाईच्या दुधातलं प्रथिन बंद करून बघायचं, आणि त्यानंतरही त्रास राहिला तर चार ते आठ आठवडे ॲसिडचं औषध. हा क्रम उलटा झाला असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात काही गैर नाही.

पाजण्यात सगळ्यात जास्त फरक पडतो तो एका वेळच्या दुधाने. बाटलीचं बाळ असेल तर दिवसभराचं दूध तेवढंच ठेवून फेऱ्या वाढवा, दर वेळी थोडं कमी. पावडरचं दूध दिवसाला बाळाच्या वजनाच्या किलोमागे साधारण १५० एमएल लागतं, त्याच्या फार वर जात असाल तर जादा भरलं जातंय, आणि जादा भरलेलं बाहेर येणारच. बाटलीचं निपल फार मोठ्या भोकाचं नको, बाळाला थोडं ताठ धरा, बाटली जवळपास आडवी, मध्ये मध्ये थांबा. दर ३० ते ६० एमएलला ढेकर काढून बघा, पण नाही निघाला तर पाठ बडवत बसू नका, काही बाळांना तो येतच नाही. अंगावर पिणारं बाळ असेल आणि दूध जोरात येत असेल तर थोडं मागे रेलून पाजा. पण रिफ्लक्स आहे म्हणून अंगावरचं दूध तोडू नका, ते पोटातून लवकर पुढे सरकतं.

पिऊन झालं की २०-३० मिनिटं उभं खांद्यावर. उभं म्हणजे खरंच उभं, बाळाला खुर्चीत किंवा कारसीटमध्ये टेकवून ठेवलं की कमरेत दुमडतं, पोटावर दाब येतो आणि दूध जास्त वर येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. डायपर बदलायचं तर पाजायच्या आधी, आणि पोटावर घट्ट बांधू नका. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर ती बाळाच्या आसपास पूर्ण बंद, धुराने रिफ्लक्सही वाढतो.

दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी बाहेरून हुबेहूब रिफ्लक्ससारखी दिसू शकते, तेच रडणं, तेच ताणणं, तेच दूध टाकणं, कधी सोबत अंगावर पुरळ किंवा शीमध्ये रक्ताचे धागे. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ बंद करायचे, बाटलीच्या बाळाला प्रथिनं फोडलेलं खास दूध, हे दोन्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. लॅक्टोज नसलेलं दूध म्हणजे हे नाही, त्यात प्रथिन तसंच असतं. आणि फरक पडला तर नंतर परत दूध सुरू करून त्रास परत येतो का हेही बघायला लागतं, नाहीतर उगाच वर्षभर आई अर्धपोटी. मी दोन आठवडे केलं, फरक पडला नाही, परत सुरू केलं.

दूध घट्ट करण्याबद्दल. याने बाहेर येणारं दूध खरंच कमी होतं, पण स्वतःच्या मनाने करू नका. किती घालायचं, काय घालायचं हे बाळाच्या वयावर आणि वजनावर ठरतं. आईच्या दुधात धान्याची पावडर घातली तर ती घट्ट राहतच नाही, त्या दुधातलं एन्झाइम पिठूळ भाग फोडून टाकतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना झॅन्थन गमची घट्ट करणारी पावडर देऊ नका, त्यातून आतड्यांचा गंभीर आजार झाल्याच्या नोंदी आल्यावर २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता. मध तर वर्षाच्या आत बोटावरही नाही, त्यातून बॉटुलिझम नावाचा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

झोपवायचं कसं

याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण रिफ्लक्सच्या बाळाच्या आईवडिलांकडून चूक इथेच होते आणि ती जिवावर बेतू शकते. रात्री तीन वाजता बाळ गुरगुरतंय, घशात दूध आल्याचा आवाज येतोय, आणि मनात येतं की पोटावर पालथं घालावं, किंवा डोक्याखाली उशी, किंवा गादी एका बाजूने उंच. नको. पाठीवर, सपाट, टणक गादीवर, उशी-पांघरूण-खेळणी काही नाही, रिफ्लक्स असला तरी हेच. पाठीवर झोपल्यावर श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली, म्हणजे वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत जायचं तर वर चढावं लागेल, आणि बाळ ते गिळतं किंवा खोकून टाकतं. पालथं घातल्यावर हे बरोबर उलटं होतं. उताराच्या पाळण्यात डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या बाळांच्या झोपायच्या वस्तूंवर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदीच घातली. कोणी भेट दिला असेल तरी वापरू नका. जागं असताना, तुम्ही समोर बसून, पोटावर खेळवणं मात्र चांगलं, फक्त पाजल्या पाजल्या लगेच नको.

रात्री पाजून वीस मिनिटं खांद्यावर धरून बसताना आपलाच डोळा लागतो, सोफ्यावर तर हमखास. आम्ही पाळी लावली होती, तिला पाजायची माझी आणि उभं धरायची नवऱ्याची, आणि ज्याची पाळी तो खुर्चीत न बसता फिरायचा. एकटे असाल आणि डोळे मिटायला लागले तर वीस मिनिटं पूर्ण करायच्या नादात राहू नका, बाळाला पाठीवर पाळण्यात ठेवा.

औषध देताना

ओमेप्राझोलसारखी औषधं पाजायच्या साधारण अर्धा तास आधी द्यायची असतात, पोट रिकामं असताना, म्हणून सकाळच्या पहिल्या पाजण्याला धरून वेळ लावा. पूर्ण परिणाम यायला काही दिवस जातात, दुसऱ्या दिवशी निकाल लावू नका. फॅमोटिडिन लवकर काम करतं पण काही आठवड्यांत शरीराला त्याची सवय होऊन जोर कमी होतो.

माप नेहमी एमएलच्या तोंडी सिरिंजने, घरातल्या चमच्याने नाही. एकच औषध वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं, म्हणून नवीन बाटली आणली की जुन्या बाटलीशेजारी ठेवून एका एमएलमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते जुळवा, आणि ०.५ आहे की ५ हे दोघांनी वेगवेगळं वाचा, टिंबाची चूक म्हणजे दहापट डोस. बाटली हलवून घ्या, लेबलवर फ्रीज लिहिलं असेल तर फ्रीजमध्येच, आणि तयार केल्यावर किती दिवस चालतं ती तारीख पेनाने बाटलीवर लिहा. कॅप्सूलमधले दाणे द्यायला सांगितले असतील तर ते चुरडू नका, त्यांच्यावरचं आवरण औषधाला जठरातल्या ॲसिडपासून वाचवतं, ते तुटलं की औषध वाया.

सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं. सरळ घशात मारलं की ठसका लागतो. आणि डोस दिल्यावर बाळाने टाकलं तर परत द्यायचा का, हे आधीच विचारून ठेवा, किती मिनिटांच्या आत टाकलं तर काय करायचं असं नेमकं विचारा. मनाने दुसरा डोस देऊ नका. डोस वजनावर असतो आणि बाळाचं वजन वाढत असतं, म्हणून पुढच्या भेटीत "आताच्या वजनाला हाच डोस का?" हा प्रश्नही.

जठरातलं ॲसिड जंतू मारायचं कामही करतं, ते कमी झालं की पोटाचे आणि छातीचे संसर्ग थोडे जास्त होऊ शकतात, म्हणून जुलाब, ताप, खोकला दिसला तर डॉक्टरांना सांगताना हे औषध चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. मोठ्या भावंडाचं उरलेलं काही वापरू नका. रॅनिटिडिन हे ॲसिडचंच एक जुनं औषध तर २०२० मध्ये अमेरिकेत आणि युरोपात वापरातून काढलं गेलंय, त्यात एनडीएमए नावाची, कॅन्सरचा धोका वाढवू शकणारी अशुद्धी सापडली म्हणून. उलटीवर देतात त्या औषधांपैकी डोमपेरिडोनने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते आणि मेटोक्लोप्रमाईड युरोपात २०१३ पासून वर्षाखालच्या बाळांना द्यायचं नाही असं ठरलंय, यातलं काही लिहून दिलं असेल तर का दिलंय हे समजून घेतल्याशिवाय सुरू करू नका.

आणि एका वेळी एकच बदल. त्याच आठवड्यात औषध सुरू केलं, दूध बदललं, निपल बदललं, थेंब सुरू केले, मग बरं वाटलं तर कशाने? आम्ही ही चूक केली, नवीन निपल आणि औषध एकाच दिवशी, आणि मग पहिला आठवडा हिशोबातून सोडून द्यावा लागला.

कपडे, कातडी आणि तुम्ही

मानेच्या वळ्यांत दूध साचून लाल होतं, प्रत्येक वेळी ओल्या मऊ कपड्याने टिपून कोरडं करा, चोळू नका. झोपवताना लाळेरं काढा. कपडे आधी गार पाण्यात भिजवा, गरम पाण्याने दुधाचा डाग पक्का बसतो. बाहेर जाताना बाळाचा एक जोड सगळेच घेतात, तुमचाही एक वरचा कपडा घ्या.

रडणं असह्य झालं तर बाळाला पाठीवर पाळण्यात ठेवून दार लोटून पाच-दहा मिनिटं बाहेर जा. तेवढ्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात हलवलं तर मात्र मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून बाहेर जाणं हेच बरोबर. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त सतत उदास वाटतंय, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, नको नको ते विचार येतायत, तर तुमच्यासाठी डॉक्टर गाठा, बाळाच्या पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका.

बंद करायची तारीख

सुरू करतानाच कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा, चार आठवड्यांनंतरची, आणि त्या दिवशीची अपॉइंटमेंट आधीच घ्या. वही घेऊन जा. आकडे हलले नसतील तर डोस वाढवत नेण्यापेक्षा हे रिफ्लक्सच आहे का हा प्रश्न विचारा. हलले असतील तरी बंद करून बघायचंच, कसं बंद करायचं, एकदम की हळूहळू, ते डॉक्टर सांगतील. बंद केल्यावर काही दिवस ॲसिड जरा जास्त बनू शकतं, त्यामुळे दोन-चार दिवस चिडचिड झाली म्हणून लगेच परत सुरू करू नका, फोन करा.

आमचे आकडे तिसऱ्या आठवड्यात ४-५ वरून २ वर आले. बंद केल्यावर दहा दिवस परत लिहिले, २ वरच राहिले, म्हणजे औषधाने बरं वाटलं की वयाने हे मला आजही सांगता येत नाही, पण परत सुरू करायची गरज नाही एवढं त्या वहीने सांगितलं. दूध टाकणं मात्र अकराव्या महिन्यापर्यंत थोडं थोडं चालूच होतं. वर्षानंतरही राहिलं तर परत आणा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ज्या बाळाचं सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू होतं त्यालाही दाखवायचंच असतं.